बाबांच्या गळ्याचे बारा दिवस

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा आम्रपालीच्या पर्समध्ये लिहायला दुसरा कागद नव्हता. टेलिफोन ऑफिसच्या रजेचा कोरा फॉर्म होता, त्याच्याच मागे तिनं ती लिहून घेतली. पुढचा नव्हे, त्याच्या पुढचा सोमवार. आज मंगळवार. मधे बारा दिवस.

"स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे आवाज?"

"जीव राहील," डॉक्टर फाईल मिटत म्हणाले. "आवाजाचं नंतर बघू."

भीमराव मेश्राम मुलीशेजारी ताठ बसले होते. गेले चार महिने बसलेला घसा त्यांनी खाकरून साफ केला आणि विचारलं, "तोवर गायलं तर चालेल का?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गाता आपण?"

"चाळीस वर्षं झाली."

"गायल्यानं आजार वाढणार नाही. दुखलं की थांबायचं, धाप लागली की थांबायचं. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर तारखेची वाट बघत बसू नका. सरळ इथे या."

हे शेवटचं वाक्य आम्रपालीच्या डोक्यात जाऊन बसलं. रिक्षात वारज्यापर्यंत ती बाबांच्या श्वासाकडेच कान लावून होती.

भीमराव भंडाऱ्याकडचे. एकसष्ट साली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि पुणेकर झाले. आठवडाभर कारखाना, शनिवार-रविवार त्यांची गायन पार्टी. दापोडीपासून येरवड्यापर्यंत असा विहार नव्हता जिथे ते गायले नव्हते. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. वहीत अशी एकोणीस गाणी होती आणि त्यातलं एकही कुठे रेकॉर्ड झालेलं नव्हतं. एका कॅसेटवाल्यानं एकदा विचारलं होतं, पण त्याला दोन गाण्यांतले शब्द बदलून हवे होते. भीमरावांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्यानंतर कोणी विचारलं की म्हणायचे, "करू की, पळून जातोय का आवाज?"

आम्रपाली त्यांच्या पार्टीत एकोणिसाव्या वर्षापासून कीबोर्ड वाजवत होती. आता ती पस्तिशीची होती. लग्न होऊन गेली आणि चार वर्षांनी परत वारज्याला आली, त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. आली त्या वर्षी तिनं पगारातून एक जपानी सिंथेसायझर घेतला. ढोलकी, बासरी, व्हायोलिनं, सगळं त्या एका काळ्या पाटावर. बाबांच्या एकोणीसही गाण्यांचा साज तिनं त्यात एकेक थर करून भरला होता आणि फ्लॉप्यांवर उतरवून ठेवला होता. त्यात एकच गोष्ट भरता येत नव्हती. माणसाचा गळा.

त्या संध्याकाळी जेवणाची ताटं तशीच राहिली आणि बाबांची गाणी ऑपरेशनआधी कशी रेकॉर्ड करायची यावरून तिचा आणि प्रज्ञेशचा वाद सुरू झाला. प्रज्ञेश तिचा धाकटा भाऊ, सत्तावीस वर्षांचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. अमेरिकेतलं काम सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर बंद पडलं होतं आणि कंपनीनं त्याला गेले पाच महिने नुसतं बसवून ठेवलं होतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, संध्याकाळी परत यायचा. फोन वाजला की दचकायचा.

"स्टुडिओचं विसर," तो म्हणाला. "बाबांचा आवाज सकाळी सात ते आठ लागतो. स्टुडिओ अकराला उघडतात."

"मग घरीच करू. सीतारामदादांकडे चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर आहे. सिंथमधून साज सोडायचा, बाबा गातील, कॅसेटवर येईल. झालं."

"आणि मधे खोकला आला तर?"

"पुन्हा गातील."

"किती वेळा, ताई?"

तिनं ताटातला भात बोटानं बाजूला सारला.

"माझ्या कॉम्प्युटरवर ओळ-ओळ घेता येते. एक ओळ आज, दुसरी उद्या. खोकला कापून टाकायचा, ओळी जोडायच्या. चांगलं साउंड कार्ड तेवढं लागेल, ते मी आणतो."

"आणि तुझा कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर? महिन्यात दोनदा तू त्याचं पोट उघडून बसतोस."

"तुझ्या सिंथचा काय भरवसा?"

"आठ वर्षं स्टेजवर उभा आहे तो," आम्रपाली म्हणाली. "डोळे मिटून कुठलं बटण कुठे ते मी सांगू शकते. तुझ्या त्या डब्यात काय चाललंय ते तुला तरी कळतं का?"

भीमराव हात धुऊन आले. "यंत्रं दोन आहेत," ते म्हणाले, "गळा एकच आहे. काय ते लवकर ठरवा."

प्रज्ञेशनं बुधवारी तापकीर गल्लीतून साउंड कार्ड आणलं. शुक्रवारपर्यंत त्याची आणि कॉम्प्युटरची झटापट चालू होती. कधी कॉम्प्युटर कार्ड ओळखायचा, कधी नाही. तीन दिवस असेच गेले आणि आम्रपालीला वाटत होतं, प्रत्येक सकाळ कोणीतरी हातातून काढून घेतंय. शुक्रवारी दुपारी त्यानं तिचा सिंथ एका केबलनं कॉम्प्युटरला जोडला आणि म्हणाला, "वाजव. आता आवाज कॉम्प्युटरचे येतील. खरी व्हायोलिनं वाटतील बघ."

तिनं सा दाबला. काही आलं नाही. मग आला. तिनं रे दाबला, तोही मागून आला. चालताना पाय टेकावा आणि जमीन क्षणभरानं यावी तसं तिला झालं. तिसऱ्या सुराला तिनं हात उचलला.

"हे उशिरा येतंय."

"किती, पाव सेकंदसुद्धा नाही. सवय होईल."

"सवय? ठेका इथे पडतो," तिनं टेबलावर टिचकी मारली, "आणि तू मला तिथे पाड म्हणतोयस?"

प्रज्ञेशचा चेहरा उतरला. घरात सध्या तो एवढीच एक गोष्ट देऊ शकत होता, हे तिला दिसत होतं. पण तिनं फोन उचलला आणि सीतारामदादांना टेपरेकॉर्डर घेऊन यायला सांगितलं.

सीताराम पार्टीचा साउंडवाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. शनिवारी सकाळी सातच्या आत तो आला, माइक लावला, चारी ट्रॅकच्या सुया हलतात का पाहिलं आणि कोपऱ्यात स्टुलावर बसला. आम्रपालीनं फ्लॉपी घातली. साज सुरू झाला. बाबांनी माइकसमोर मान थोडी वर केली, स्टेजवर करत तशीच.

मुखडा बरा गेला. पहिल्या अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला श्वास अपुरा पडला. ते ओळ सोडून थांबले, आणि साज पुढे गेला. त्यांनी पुढची ओळ धावत पकडली, तिथेही मागे पडले. तिनं लय कमी करून पुन्हा लावला. आता ढोलकी ओढल्यासारखी वाजू लागली आणि तरीही बाबा मागेच राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला.

"हे मला फरफटत नेतंय," ते म्हणाले.

आठ वर्षं ते ह्याच साजावर गात होते. आम्रपालीनं सिंथ बंद केला आणि ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याजवळ तिची आई सुंदराबाई भाकरी थापत होती. मुलगी रडते आहे हे तिनं पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"मशीनच्या मागं त्याईनं कायले धावावं?" ती म्हणाली. चाळीस वर्षं पुण्यात राहूनही तिची भाषा भंडाऱ्याचीच होती. "त्याईले एकट्याले गाऊ दे ना. तुयी मशीन येईन मंग मागून."

आम्रपालीनं डोळे पुसले. एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती, कारण तिच्या डोक्यात गाणं म्हणजे आधी साज आणि मग गळा असंच बसलं होतं. नुसता गळा, ओळ-ओळ, श्वास मिळेल तसा. ते कॅसेटवर नीट जमणार नव्हतं. ते फक्त कॉम्प्युटरवर जमणार होतं. बाहेर येऊन तिनं प्रज्ञेशला उठवलं आणि म्हणाली, "लाव तुझा डबा."

तरी तिचा जीव राहीना. सीतारामला तिनं टेपरेकॉर्डर ठेवून जायला सांगितलं. एकच माइक, त्याचा आवाज दोन्हीकडे जायचा. कॉम्प्युटरनं दगा दिला तर कॅसेटवर काहीतरी राहील.

रविवारपासून रोज सकाळी सातला पंखा बंद, खिडक्या बंद, दारावरची घंटा काढून ठेवलेली. बाबा खुर्चीत बसून गायचे. तंबोऱ्याचा एक सूर तेवढा कानातल्या हेडफोनमध्ये. एक ओळ म्हणायचे, थांबायचे, कोमट पाणी घ्यायचे, मग पुढची. आम्रपाली पडद्याकडे बघत असायची. आवाज आला की हिरवी रेघ फुगायची, थांबला की सपाट व्हायची. त्या सपाट जागांमध्ये बाबांचा श्वास बारीक थरथरताना दिसायचा, आणि ती तिथेच नजर लावून बसायची. शिट्टी ऐकू येते का? आज नाही. काल रात्री बाबा घोरत होते, ते घोरणंच होतं ना?

दुपारी ती आणि प्रज्ञेश मिळून ओळी जोडायचे. पहिलं गाणं जोडून झालं तेव्हा तिनं ते तीनदा ऐकलं. जोड कुठे आहेत ते तिला माहीत होतं, तरी सापडेनात. बाबा एका दमात गायल्यासारखे वाटत होते, पाच वर्षांपूर्वीसारखे.

"कॅसेट लाव बरं," प्रज्ञेश म्हणाला.

कॅसेटवर सरसर होती, खोकले होते, मधेच खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी होती. आम्रपालीनं मधेच कॅसेट बंद केली. दुसऱ्या दिवशी माऊस तिनं स्वतःकडे घेतला.

बुधवारपर्यंत सात गाणी झाली. दुपारी सीताराम आला आणि दारातच उभा राहिला. "ताई, उद्या मांजरीला प्रोग्राम आहे. टेपरेकॉर्डर लागेल. तुम्हाला पाहिजे असेल तर मी दुसरीकडून बघतो."

तिनं टेबलाकडे पाहिलं. चार दिवसांत कॉम्प्युटर एकदाही अडकला नव्हता. टेपरेकॉर्डरची कॅसेट बदलायला ती काल विसरलीसुद्धा होती.

"घेऊन जा, दादा," ती म्हणाली. "आता नाही लागणार."

गुरुवारी पहाटे प्रज्ञेशला ऑफिसातून फोन आला. परदेशातल्या कोणाशी तरी मुलाखत होती, आठच्या आत पोचायचं होतं. शर्टाची बटणं लावता लावता तो बहिणीला सांगत होता, "यूपीएसवाला उद्या येतोय. आज गुरुवार आहे, देखभालीसाठी साडेनवाला लाईट जाईल, तोवर तुम्ही संपवाल. आणि ताई, प्रत्येक ओळीनंतर सेव्ह कर. विसरू नकोस."

"तू जा. नीट बोल तिथे."

बाबा अंघोळ करून आले तेच हसत. "आज गळा मोकळा आहे," ते म्हणाले. "लुगडं घेऊ."

लुगड्याचं गाणं म्हणजे त्यांच्या आईचं गाणं. छप्पन साली भीमराव एकोणीस वर्षांचे होते. दीक्षेला नागपूरला जायचं तर पांढरं नेसून जायचं असं गावात ठरलं, आणि त्यांच्या आईकडे पांढरं लुगडं नव्हतं. तिनं आपलं जुनं लुगडं खारात भिजवून, आपटून आपटून त्याचा रंग घालवला होता. त्यावर त्यांनी पुढे गाणं केलं. कुठल्याही कार्यक्रमात ते शेवटी गायचे, आणि त्याच्यानंतर दुसरं काही गायचे नाहीत.

आम्रपालीनं रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांनी डोळे मिटले.

"धुतलं लुगडं सात पाण्यानं, रंग राहिला घाटाला,
पांढरी होऊन निघाली माय नागपूरच्या वाटेला."

ती थांबायची वाट बघत होती. ते थांबले नाहीत. मुखड्यावरून सरळ पहिल्या अंतऱ्यावर गेले, तिथून दुसऱ्यावर. आवाज खरखरीत होता, वरच्या सुराला फाटत होता, पण श्वास पुरत होता. कुठून आणला होता त्यांनी कोण जाणे. स्वयंपाकघराच्या दारात सुंदराबाई ओले हात तसेच धरून उभी राहिली. आम्रपालीचा हात माऊसवर होता, पण सेव्ह करायचं तर आधी रेकॉर्डिंग थांबवावं लागणार होतं. माऊसची टिचकीसुद्धा माइकमध्ये जाईल या भीतीनं तिनं बोट हलवलं नाही. चारी अंतरे झाले. शेवटची ओळ त्यांनी हळूहळू खाली आणून सोडली.

मग बाबांनी डोळे उघडले, छातीवर हात ठेवला आणि खुणेनं पाणी मागितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आम्रपाली घाबरून उठली, तिनं तांब्यातून पाणी ओतलं आणि पेला त्यांच्या हातात दिला.

मागे टिक असा बारीक आवाज झाला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत थांबला. तिनं वळून पाहिलं. पडदा काळा होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ वाजले होते.

"लाईट गेली वाटतं," बाबा म्हणाले. "लवकर गेली आज. पण माझं झालं." त्यांनी पेला रिकामा केला. "आलं ना सगळं?"

"आलं," आम्रपाली म्हणाली.

ती हे का म्हणाली ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. कदाचित तेव्हा तिला खरंच आशा होती. तिनं गॅलरीत जाऊन मेन स्विच उगाच वर-खाली केला. समोरच्या बिल्डिंगचीही गेली होती. ती तिथेच कठडा धरून उभी राहिली. कॅसेट असती तर लाईट जाईपर्यंतचं सगळं तिच्यावर राहिलं असतं. काल ह्याच वेळी टेपरेकॉर्डर टेबलावर होता. तिनंच, स्वतःच्या तोंडानं, घेऊन जा म्हटलं होतं.

प्रज्ञेश संध्याकाळी आला. मुलाखत बरी झाली होती, पण बहिणीचं तोंड बघून तो ते सांगायचंही विसरला. दार लावून घेऊन त्यानं कॉम्प्युटर उघडला. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मित्रांना फोन, कुठून कुठून आणलेल्या सीड्या, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं. शनिवारी संध्याकाळी त्यानं तिला हेडफोन दिला.

"एवढंच मिळालं."

आधी खाकरणं. मग बाबांचा आवाज, "करू का सुरू?" आणि पुढे फक्त खर्र.

"पुन्हा गायला सांगूया त्यांना," प्रज्ञेश म्हणाला. "उद्याचा दिवस आहे."

पण बाबा कसे आहेत ते तिला दिसत होतं. गुरुवारच्या गाण्यात त्यांनी होतं नव्हतं ते ओतून टाकलं होतं. शुक्रवारी सकाळी ते खुर्चीत बसले, नुसत्याच दोन ओळी म्हणून पाहिल्या आणि हातानंच नको म्हणाले. शनिवारी बसलेच नाहीत. रात्र सरता सरता आम्रपालीनं त्यांच्या खाटेजवळ जाऊन कान दिला. श्वास आत घेताना बारीक शिट्टी येत होती.

रविवारी सकाळीच त्यांना दवाखान्यात भरती केलं. खाटेवर बसून ते कुजबुजले, "माझी एकोणीस झाली नाहीत. किती झाली?"

"आठ, बाबा."

"आठ पुष्कळ. लुगडं झालं, मी मोकळा झालो." त्यांनी तिचा हात दाबला. "तू मात्र साज नीट घाल. घाई करू नकोस."

तिनं मान हलवली. झाली होती सात.

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. बाबा वाचले. गळ्याच्या खाली एक भोक, त्यात नळी, आणि बोलायला एक पाटी आणि पेन्सिल. आजार पसरलाय का ते सांगणारा गाठींच्या तपासणीचा रिपोर्ट बाहेरून यायचा होता, त्याला महिन्याच्या वर लागणार होता. तीन आठवड्यांनी ते घरी आले, तेव्हा उन्हाळा लागला होता.

या तीन आठवड्यांत आम्रपाली साज घालत होती. फ्लॉपीवरचा जुना साज बाबांच्या नव्या गळ्याला बसत नव्हता. ते कुठे रेंगाळले होते, कुठे श्वासासाठी थांबले होते. तिनं जुनं सगळं बाजूला ठेवलं, कानात त्यांचा आवाज घेतला आणि सिंथ हातानं वाजवला, त्यांच्या मागे मागे. सिंथचा स्वतःचाच आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला, त्यामुळे सूर हाताबरोबर येत होता. यूपीएस आला होता. प्रत्येक ओळ ती तीन ठिकाणी उतरवून ठेवत होती आणि तरी पुन्हा पुन्हा उघडून बघत होती, आहे ना.

बाबांना तिनं सातही गाणी ऐकवली. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. सातवं संपल्यावर त्यांनी पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला. "लुगडं?"

ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. टेपरेकॉर्डर परत दिला तो, सेव्ह न करता पाणी द्यायला उठले ते, आलं असं खोटं बोलले ते. प्रज्ञेश मधे म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटर माझा होता." भीमरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पाटी पालथी करून गादीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दोन दिवस त्यांनी पाटीला हात लावला नाही. नळी साफ करायला आम्रपाली गेली की मान वळवायचे. सुंदराबाईच्या हातूनच करून घ्यायचे. ती तिसऱ्या दिवशी वैतागली. "पोरीनं तुमाले पानी देल्लं, तो गुन्हा झाला काय?" ती मोठ्यानं म्हणाली. "नस्तं देल्लं तर?"

त्या दुपारी आम्रपाली सिंथवरची धूळ पुसत होती. बाबा दाराशी येऊन उभे राहिले. आत आले, खुर्चीत बसले. मग पाटी तिच्यापुढे धरली. "चाल तरी लक्षात आहे?"

तिनं चाल वाजवली. दुसऱ्याच ओळीला त्यांनी टेबलावर बोटांनी ठोकलं. चूक. तिनं पुन्हा वाजवली. पुन्हा ठोकलं. चौथ्यांदा त्यांनी मान हलवली आणि पुढे जा अशी खूण केली. अंतऱ्यापर्यंत यायला तास लागला. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, "शब्द म्हण."

"मी? बाबा, मी गात नाही."

त्यांनी पाटी तशीच धरून ठेवली.

ती गायली. तिचा आवाज बारीक होता आणि खाली जाताना हरवत होता. बाबांसारखा खर्ज लावायला गेली की नुसतीच हवा यायची. त्यांच्या उच्चारासारखे उच्चार, त्यांच्यासारखं शेवटी सोडणं, सगळं तिला पाठ होतं आणि काहीच जमत नव्हतं. तिचे कान तापले. असं आठवडाभर चाललं. संध्याकाळी ती ऑफिसातून आली की बाबा आधीच खुर्चीत बसलेले असायचे. "'सात'च्या आधी श्वास." "'घाटाला' लांबव." "रडू नको, गा." पाटी भरली की बाहीनं पुसायचे.

शनिवारी प्रज्ञेशही येऊन बसला. त्याला काम मिळालं होतं, पण बंगलोरला, आणि पुढच्या महिन्यात जायचं होतं. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. प्रत्येकाच्या डोक्यात तो सोमवारच होता.

आम्रपालीनं मुखडा म्हटला. बाबांनी हात वर करून थांबवलं. त्यांनी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"माझ्यासारखं गाऊ नकोस."

"मग कसं गाऊ?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग आला होता. "तुमचं गाणं आहे ते."

भीमराव उठले. सिंथच्या पुढे येऊन ते त्या बटणांकडे बघत राहिले. आठ वर्षांत त्यांनी त्या यंत्राला कधी बोटही लावलं नव्हतं. त्यांनी पाटीवर दोन शब्द लिहिले, "पट्टी बदल", आणि बोट वरच्या दिशेनं दाखवलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतके दिवस ती त्यांच्याच पट्टीत गात होती, पुरुषाच्या, काळी एकमध्ये. कोणत्या पट्टीत गायचं हा प्रश्नच तिला पडला नव्हता. तिनं एक बटण दाबून पट्टी एक सूर वर नेली आणि मुखड्याची पहिली ओळ म्हणून पाहिली. बाबांचं बोट पुन्हा वर. अजून एक. अजून. काळी चारपर्यंत, बायकांच्या पट्टीपर्यंत आल्यावर त्यांनी हात खाली केला.

"रेकॉर्ड करू?" प्रज्ञेशनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "कर."

बाबा खुर्चीत परत बसले आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला. नळीतून त्यांचा श्वास येत-जात होता, तो माइकमध्ये जाणार हे तिला कळत होतं. तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज सुटला तो तिच्या ओळखीचा नव्हता. पहिला अंतरा गेला, दुसरा आला. सूर बरोबर लागतोय की नाही हे तिला समजत नव्हतं, पण बाबांची बोटं टेबलावर चालू होती, म्हणून ती थांबली नाही.